खेळाडू हव्यात!

लहानशा कॉलेजात मुलींचा बास्केटबॉल संघ उभारायचा म्हणजे आधी उंच मुली हेरायच्या, असा आपला शहरी समज. शहापूर-मुरबाडकडे मात्र आधी एस.टी.चे वेळापत्रक पाहावे! शहापूरला निदान आसनगाव स्टेशन जवळ आहे; मुरबाडला अजून रेल्वेच नाही. सराव संध्याकाळी ठेवला, की शेवटच्या गाडीच्या धास्तीने चांगली खेळाडू हातची गेलीच.

बाकी मुलींना दम नाही असे कोण म्हणेल? भातसा-तानसाचे पाणी मुंबईला जाते, अन् त्याच शहापूर तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवरच्या पोरी उन्हाळ्यात हंडे घेऊन चढण चढतात. कबड्डी-खोखोने त्यांचे पाय तयार असतात. दहा फुटांवरच्या कडीत चेंडू टाकायला शिकवता येते हो!

खरी निवड घरी होते. ‘परगावी सामन्याला? सोबत बाई कोण?’ हा आईचा प्रश्न रास्तच. त्याचे उत्तर फलकावरच्या सूचनेने मिळत नाही. कॉलेजातल्या बाईंनीच घरी जाऊन ओसरीवर बसावे, परतीची गाडी कोणती ते सांगावे. सराव तासांच्या मधल्या वेळात घ्यावा. आणि बुटांचा खर्च कॉलेजने सोसावा. तो बापाकडे मागितला, की दुसऱ्या दिवशी मुलगी मैदानावर दिसत नाही.