पोटाची सोय झाली, पाठीवरच्या हाताचं काय?

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातली शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणीकडची गावं रिकामी होऊ लागतात. ऊसतोडीसाठी मुकादमाची आगाऊ उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रातल्या, कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात, ती पाच-सहा महिन्यांनी परततात. मागे राहिलेल्या लेकरांची शाळा बुडू नये म्हणून हंगामी वसतिगृहं निघाली. २०२१मध्ये राज्य सरकारने संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना आखली. तिचं स्वागतच केलं पाहिजे. पण जेवण, अंथरूण, वह्या-पुस्तकं मिळाली की लेकराची सोय झाली, जवळ घेणं हे घरचे लाड, असा जो समज या व्यवस्थेत मुरला आहे तो साफ चुकीचा आहे.

मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांनी १९५८मध्ये मांडलेल्या प्रयोगात माकडाची पिल्लं दूध देणाऱ्या तारेच्या ‘आई’कडे भुकेपुरती जात आणि उरलेला वेळ मऊ कापडाच्या ‘आई’ला बिलगून काढत. प्रयोग क्रूर होता, पण माया केवळ अन्नातून उपजते हा सिद्धांत त्याने मोडीत काढला. माकडांवरून माणसाचं काय ठरवता, असं कुणी म्हणेल. तर २०२४मध्ये माणसांवरच्या १३७ अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडला गेला, त्यात स्पर्शाने चिंता, नैराश्य आणि वेदना कमी होतात असं दिसलं. नवजात बाळाला आईबापांचाच हात अधिक मानवतो, मोठ्यांना मात्र परक्या हातानेही गुण येतो. त्यामुळे आईची जागा कोण घेणार, या सबबीत फारसा दम उरत नाही. कष्टकऱ्यांची पोरं निबरच झाली पाहिजेत, हा युक्तिवाद तर त्याच घरांत खोटा ठरतो. तिथेही बाळाला तेल लावून न्हाऊ घालतात, आजी नातवावरून बोटं मोडते. त्याने कुणी दुबळं झालेलं नाही. वसतिगृहातलं मूल गप्प झालं की आपण त्याला शहाणं म्हणतो, हीच मोठी गफलत आहे.

खरा आक्षेप वेगळा आहे आणि तो गंभीर आहे: जवळिकीच्या नावाखाली अत्याचार होतात. म्हणून तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्ध २०१२चा पोक्सो कायदा आला, आणि तो कसोशीने पाळलाच पाहिजे. पण त्या कायद्याचा रोख लैंगिक हेतूवर आहे, रडणाऱ्या मुलाच्या पाठीवर ठेवलेल्या हातावर नाही. उलट मायेचा स्पर्श ओळखीचा असलेलं मूल वाईट स्पर्श लवकर ओळखेल, असं मला वाटतं. स्पर्श चारचौघांत असावा, मुलाने अंग चोरलं की तिथेच थांबावं, आणि दर हंगामाला माणसं बदलू नयेत. खर्चाचं म्हणाल, तर ऊसतोडीला न गेलेल्या आज्या-मावश्या त्याच गावांत आहेत. त्यांना रीतसर पगारावर, मोजक्या मुलांमागे एक अशा वसतिगृहात नेमा. स्वयंपाकीण नेमता येते, तर हेही पद मंजूर करता येईल.