एअर प्युरिफायरची वीज स्वस्त. पण टप्पा ओलांडला तर महाग

नवी दिल्ली : दिवाळीनंतर उत्तर भारतात हवेचा गुणवत्ता निर्देशांक तीनशे-चारशेच्या घरात जाऊ लागला की घरगुती एअर प्युरिफायरची चौकशी वाढते. किमतीपाठोपाठ ग्राहकाचा दुसरा प्रश्नही ठरलेला असतो : हे यंत्र दिवसरात्र चालवले तर विजेचे बिल किती येईल? प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर यंत्राच्या वॅटवर जितके अवलंबून आहे त्याहून अधिक ते राज्याच्या वीजदरपत्रकावर आणि घर स्वतःचे आहे की भाड्याचे यावर अवलंबून आहे.

आधी यंत्राकडे पाहू. एका खोलीसाठी विकले जाणारे बहुतेक प्युरिफायर सर्वाधिक वेगावर ३० ते ६० वॅट वीज घेतात. आत एक पंखा, एक गाळणी आणि थोडी इलेक्ट्रॉनिक सामग्री, एवढाच त्यांचा संसार असतो. ५० वॅटचे यंत्र रोज १० तास पूर्ण वेगाने चालवले तर दिवसाला अर्धा युनिट, महिन्याला १५ युनिट वीज लागते. अखंड २४ तास चालवल्यास महिन्याचे ३६ युनिट होतात. जुन्या पद्धतीचा छताचा पंखा ७०-७५ वॅट घेतो, म्हणजे प्युरिफायरपेक्षा जास्तच. दोन किलोवॅटचा गिझर पंधरा मिनिटे चालवला तर त्यात जितकी वीज जाते, तितक्यात हे यंत्र दहा तास चालते. हिवाळ्यातील बिल फुगवणारी उपकरणे गिझर आणि रूम हीटर ही आहेत. प्युरिफायर त्यांच्या मागे बराच लांब उभा आहे.

रुपयांत मांडायचे तर दिल्लीत घरगुती ग्राहकाला पहिल्या २०० युनिटना प्रतियुनिट ३ रुपये, २०१ ते ४०० युनिटना साडेचार, ४०१ ते ८०० युनिटना साडेसहा, १२०० पर्यंत ७ आणि त्यापुढे ८ रुपये ऊर्जा आकार आहे. स्थिर आकार, वीजखरेदीचा समायोजन अधिभार आणि कर त्यावर वेगळे. साडेसहा रुपयांच्या टप्प्यातील कुटुंबाने नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने रोज १० तास यंत्र चालवले तर ६० युनिट, म्हणजे ३९० रुपये लागतील. चोवीस तास चालवले तर १४४ युनिट आणि ९३६ रुपये. अधिभार धरूनही संपूर्ण हंगामाचा खर्च हजार-बाराशेच्या आसपास राहतो.

मग बिलाची धास्ती अनाठायी म्हणायची का? सरसकट तसे म्हणता येत नाही, कारण हिशेबात एक खाच आहे.

नव्या उपकरणाची वीज ही घरच्या वापरात शेवटी येऊन पडणारी वीज असते. तिचा हिशेब सरासरी दराने न करता घराचा वापर ज्या टप्प्यात संपतो त्या टप्प्याच्या दराने करावा लागतो. महाराष्ट्रात महावितरणच्या घरगुती दरपत्रकात १००, ३०० आणि ५०० युनिटला टप्पे बदलतात. ऊर्जा आकाराबरोबर वहन आकार असतो आणि वर वीज शुल्क. मात्र तेथे टप्पा ओलांडला तरी पुढच्या युनिटनाच चढा दर लागतो, आधीचे युनिट जुन्या दरानेच राहतात. म्हणून पुण्यात किंवा नागपुरात ३०० ची रेघ ओलांडणाऱ्या कुटुंबाला धक्का बसतो तो मर्यादित.

दिल्लीची गोष्ट वेगळी. तेथे २०१९ पासून महिन्याला २०० युनिटपर्यंत वापर असलेल्या घरगुती ग्राहकाचे बिल शून्य येते आणि २०१ ते ४०० युनिटपर्यंत निम्मे अनुदान मिळते, त्याची कमाल मर्यादा ८०० रुपये. त्यापुढे अनुदान नाही. आता समजा एखाद्या घराचा जानेवारीतील वापर १९० युनिट आहे. प्युरिफायरचे १५ युनिट मिळवले की तो २०५ होतो. केवळ ऊर्जा आकार धरला तरी ६२२ रुपये ५० पैशांचे बिल तयार होते आणि अनुदान वजा जाता सुमारे ३११ रुपये भरावे लागतात. काल शून्य भरणाऱ्या घराला ते १५ युनिट वीस रुपयांहून अधिक दराने पडले. दुसरा काठ याहून तीव्र आहे. ३९५ युनिटचे घर अनुदानानंतर ऊर्जा आकारापोटी साधारण ७३९ रुपये भरते. तेच ४१० युनिटवर गेले तर १,५६५ रुपये. फरक ८२६ रुपयांचा, म्हणजे युनिटला ५५ रुपये. वीज तीच आणि यंत्रही तेच, फक्त मीटरने रेघ ओलांडली. पंजाबमध्ये जुलै २०२२ पासून महिन्याला ३०० युनिट मोफत आहेत. तेथेही सर्वसाधारण गटातील ग्राहकाने मर्यादा ओलांडली की पूर्ण वापराचे बिल येते. लुधियाना आणि अमृतसरची हिवाळ्यातील हवा दिल्लीपेक्षा फार सुखावह असते असे नाही.

अनुदानाचा हेतू गैर नाही. परंतु त्याची रचना उभ्या कड्यासारखी असल्याने ज्या महिन्यांत फुप्फुसांना संरक्षणाची सर्वाधिक गरज असते त्याच महिन्यांत काठावरचे कुटुंब बटण बंद करण्याकडे झुकते. अशा घरांना तूर्त एकच व्यावहारिक उपाय आहे : बिलाच्या मधल्या आठवड्यांत मीटर पाहणे, आणि कपात करायचीच तर ती गिझर-हीटरमध्ये करणे. प्युरिफायर बंद करून महिन्याला जे १५ युनिट वाचतात, ते गिझर रोज पाव तास कमी चालवूनही वाचतात.

भाडेकरूंची अडचण आणखी वेगळी. राजेंद्रनगर, मुखर्जीनगर, करोलबाग या भागांत स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी महाराष्ट्रातून आलेली मुले-मुली मोठ्या संख्येने राहतात. तेथे घरमालक सबमीटर लावून युनिटला आठ-दहा रुपये एकच दर घेतो आणि अनुदान भाडेकरूपर्यंत पोहोचत नाही, हा सर्रास अनुभव आहे. दहा रुपयांच्या दराने अखंड चालणारे यंत्र महिन्याला ३६० रुपये घेते. भाडेकरूंना स्वतंत्र मीटर घेता यावे यासाठी दिल्ली सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये योजना आणली होती. पण एका घराच्या सहा खोल्या करून भाड्याने दिलेल्या इमारतीत ती मागण्याचे धैर्य किती विद्यार्थी करतील, हा प्रश्नच आहे.

वीज वाचवण्याच्या ओघात आणखी एक चूक होते. रात्री यंत्र सर्वांत मंद वेगावर ठेवले जाते. वीज वाचते, आवाजही कमी होतो, पण हवा पुरेशी गाळली जात नाही. बारा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंच खोलीत सुमारे ४१ घनमीटर हवा असते. ती तासाला पाच वेळा गाळायची तर ताशी २०५ घनमीटर शुद्ध हवा देणारे यंत्र हवे. खोक्यावर सीएडीआर या नावाने छापलेला आकडा तोच, पण तो पूर्ण वेगाचा असतो. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी मिळते, वीज मात्र तत्त्वतः आठव्या हिश्श्यावर येते. म्हणून ताशी ४०० घनमीटरचे मोठे यंत्र निम्म्या वेगाने चालवणे हे २०० चे लहान यंत्र पूर्ण वेगाने ताणण्यापेक्षा विजेच्या आणि आवाजाच्या दृष्टीने फायद्याचे ठरते. अडचण अशी की मोठे यंत्र खरेदीलाच महाग असते. यंत्र बंद केल्यावर फटींतून बाहेरची हवा येत राहते आणि कण पुन्हा वाढतात, त्यामुळे संध्याकाळी दोन तास चालवून रात्रभर बंद ठेवण्याने फारसे काही साधत नाही. पीएम २.५ या सूक्ष्म कणांची २४ तासांची भारतीय मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, तर जागतिक आरोग्य संघटनेची १५ आहे. दिल्लीची वर्षभराची सरासरीच शंभरच्या आसपास असते.

विजेहून मोठा खर्च गाळणीचा. हेपा गाळणी यंत्रानुसार दीड-दोन हजारांपासून चार-पाच हजारांपर्यंत पडते आणि धुळीच्या शहरात ती लवकर भरते. भरलेल्या गाळणीतून हवा कमी जाते, मीटर मात्र फिरत राहतो. यंत्रावर १८ टक्के जीएसटी आहे. तो ५ टक्के करावा या मागणीची याचिका डिसेंबर २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे आली. १२ हजारांच्या यंत्रावर या कपातीने सुमारे १,३०० रुपये वाचतील. वर मांडलेल्या हिशेबात ती तीन हंगामांहून अधिक काळाची वीज झाली.

विजेचे दर पुढे वाढण्याची शक्यता धरून चालावे लागेल. वीज कंपन्यांची वर्षानुवर्षे थकलेली येणी ठरावीक मुदतीत फेडण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला आहे, आणि दिल्लीतील अशी थकबाकी हजारो कोटींची आहे. दर दीडपट झाले तरी दहा तासांच्या प्युरिफायरचा हंगाम सहाशे रुपयांच्या आत राहील. काठावरच्या घरांचे गणित मात्र अनुदानाचे नियम बदलल्याखेरीज सुटणार नाही.

राहिला विजेच्या उगमाचा मुद्दा. देशातील सुमारे तीन चतुर्थांश वीज कोळशातून येते. बदरपूरचे केंद्र ऑक्टोबर २०१८ मध्ये बंद झाले तरी दिल्लीची वीज आसपासच्या राज्यांतील धुरांड्यांतून येतेच. त्या धुरांड्यांतील सल्फर डायऑक्साइडचे हवेत सूक्ष्म कण बनतात, जे पुढे प्युरिफायरच्या गाळणीत अडकतात. हा वायू रोखणाऱ्या यंत्रणेचे निकष डिसेंबर २०१५ मध्ये आले. मुदती वारंवार वाढल्या आणि जुलै २०२५ च्या अधिसूचनेने बहुसंख्य केंद्रांना या यंत्रणेतून सूट मिळाली. राष्ट्रीय राजधानी क्षेत्र आणि दशलक्ष लोकवस्तीच्या शहरांपासून १० किलोमीटरच्या आतील केंद्रांना ती बसवावी लागणार आहे; त्यांना मुदत ३१ डिसेंबर २०२७ पर्यंतची आहे.