शब्द बसतो तेव्हा
भाची जीआरई या प्रवेश परीक्षेची तयारी करते आहे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर चिठ्ठ्यांचा गठ्ठा, पुढे इंग्रजी शब्द, मागे अर्थ. 'लॅकॉनिक' म्हणजे मोजकं बोलणारा. दोनदा घोकला, तिसऱ्या दिवशी विसरली. मग तिला सांगितलं, लॅकोनिया हा ग्रीसमधला स्पार्टाचा मुलूख. तिथली माणसं कमी बोलण्याबद्दल प्रसिद्ध, अगदी आपल्या आबांसारखी. शब्द बसला! आमच्या वेळी बॅरन्सच्या पुस्तकातली ३५०० शब्दांची यादी पाठ करायची, कारण विरुद्धार्थी शब्द थेट विचारत. २०११ मध्ये ते प्रश्न गेले. आता उताऱ्यातल्या एक ते तीन गाळलेल्या जागा भरायच्या, म्हणजे शब्द वाक्यात कसा वागतो ते कळायलाच हवं. 'सँक्शन'च घ्या: मंजुरीही तोच, निर्बंधही तोच. चिठ्ठीवरचा एकच अर्थ तिथे दगा देतो. म्हणून मी तिला रोज एक इंग्रजी अग्रलेख मोठ्याने वाचायला लावते आणि अडलेल्या शब्दाला नेमका मराठी शब्द शोधायला सांगते. काल 'गॅरुलस' अडला. "बडबड्या," ती म्हणाली. मग जरा थांबून, "नाही मावशी, बडबड्यात माया आहे. वाचाळ." चिठ्ठीवर तिने तेच लिहिलं.