मेळघाटात फोन उचलणार कोण?


मेळघाटातील बालमृत्यूंची चर्चा पेटली की मोबाइलवरून आहार-सल्ला देण्याची टूम निघते. केंद्राची ‘किलकारी’ ही फोनसेवा फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रात आली: गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून मूल वर्षाचे होईपर्यंत आठवड्याला एक, असे ७२ ध्वनिसंदेश, तेही मराठीत. धारणी-चिखलदऱ्यातल्या कोरकू बाईला ते कळावेत कसे? कोरकू ही काही मराठीची बोली नव्हे, ती मुंडा कुळातली निराळीच भाषा आहे. घरात फोन असलाच तर तो बहुधा नवऱ्याच्या खिशात, आणि पोटासाठी कुटुंब अमरावती-अकोल्याकडे मजुरीला उतरले की सगळाच आनंद. शेजारच्या मध्य प्रदेशात चार जिल्ह्यांतील सुमारे ५ हजार गरोदर स्त्रियांवर ‘किलकारी’ची रीतसर चाचणी झाली. पहिले सहा महिने निव्वळ स्तनपान देण्याचे प्रमाण त्याने वाढले नाही. त्या स्त्रियांना फोन तरी मिळत होता, हिंदीही समजत होती!

दूरचा सल्ला कुठेच लागू पडत नाही, असे मी म्हणत नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या दक्षिण भारतातील अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे ५३७ नोकरदार पुरुष होते. मोबाइल संदेश मिळालेल्यांपैकी दोन वर्षांत १८ टक्क्यांना मधुमेह झाला, न मिळालेल्यांपैकी २७ टक्क्यांना. हा आकडा तोंडावर फेकणारे विसरतात की त्या पुरुषांच्या हाती पगार होता आणि आहार-व्यायामाचा सल्ला त्यांना आधी समोरासमोर मिळाला होता. अकोल्यातल्या कारकुनाला ‘भात कमी करा’ हा संदेश पुरेल. ज्या घरात डाळच शिजत नाही तिथे ‘डाळ खा’ म्हणणे ही थट्टा आहे. माणसे नेमणे परवडत नाही म्हणाल, तर गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायांना शिकवून घरोघरी धाडले आणि नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आणला. आपल्याकडे अंगणवाडी सेविका आहेच, पण तिला मोकळी ठेवली आहे कुठे? नोंदींच्या इंग्रजी अ‍ॅपला आणि बिघडलेल्या फोनला विटून सेविकांनी २०२१ मध्ये सरकारी मोबाइल परत केले होते. तरी जुलै २०२५ पासून घरपोच आहारासाठी मोबाइलवर लाभार्थीचा फोटो काढून चेहरा जुळवण्याचे काम तिच्याच गळ्यात आले. जो वेळ बाळंतिणीच्या दाराशी जायचा, तो नेटवर्क शोधण्यात जातो. महिला व बालविकास विभागाने तिच्या हातून हे फोटोचे काम काढून घ्यावे, गृहभेटीसाठी प्रवासभत्ता द्यावा, आणि संदेश पाठवायचेच असतील तर कोरकूतून पाठवावेत.

– एक वाचक, परतवाडा (जि. अमरावती)