ऑईल बंदीआधी बदला, बंदी संपल्यावर नको

सभासद बंधूंनो, १ जूनपासून ६१ दिवस मासेमारी बंद. होड्या वर ओढायची घाई सुरू झालीच आहे. आपल्याकडे रीत अशी, की इंजिन तसंच झाकून ठेवायचं आणि ऑईल बदलायचं जुलैअखेर, दर्यावर जायच्या तोंडावर. आम्हाला ही रीत पटत नाही. वापरलेल्या ऑईलात काजळी, पाण्याचा अंश आणि आम्ल साठलेलं असतं. ते भर पावसाळ्यात दोन महिने बेअरिंगला चिकटून राहतं, मग गंज धरणारच. आत्ता बदला, गोड्या पाण्यावर थोडा वेळ इंजिन फिरवा आणि मग झाका. खर्च तोच, फक्त दोन महिने आधी.

आणि वर्षातून एकदा बदलून भागत नाही हो! फोर-स्ट्रोक आउटबोर्डला साधारण १०० तासांनी ऑईल बदलायचं असतं. रोज चार तास होडी चालली तर २५ दिवसांत १०० तास भरतात. महिने मोजू नका, तास लिहून ठेवा.

स्कूटरचं ऑईल स्वस्त पडतं, मान्य. पण डब्यावर ‘एफसी-डब्ल्यू’ असेल तरच घ्या, ते गंजाच्या चाचणीतून गेलेलं असतं. टू-स्ट्रोकवाल्यांनी पेट्रोलात मिसळायला ‘टीसी-डब्ल्यू ३’ बघावं.

खालचं गिअर ऑईलही आत्ताच काढून बघा. दुधासारखं पांढरट दिसलं तर सील गेलंय, पाणी शिरलंय. मेकॅनिकला आताच सांगा, जुलैअखेर तो कुणाच्याच हाताला लागत नाही.

काढलेलं ऑईल मात्र वाळूत ओतू नका. कॅनमध्ये भरून सोसायटीत आणून द्या.