पोटातले जिवाणू आणि धाराशिवचे देणे

घरात कुणाला कर्करोगाचे निदान झाले की दोन प्रकारची माणसे भेटायला येतात. पहिली धीर द्यायला येतात, दुसरी उपाय सांगायला. अलीकडे या दुसऱ्यांच्या तोंडी ‘पोटातले चांगले जिवाणू’ हे शब्द ऐकू येऊ लागले आहेत. अमुक पावडर घ्या, तमुक कॅप्सूल घ्या, पोट सुधारले की प्रतिकारशक्ती वाढते आणि गाठ आपोआप विरघळते, असे सांगणारे संदेश मोबाईलवर फिरतात. निव्वळ थाप असती तर ती ओळखणे सोपे होते. अडचण अशी, की या थापेत विज्ञानाचा अंश आहे. तो किती आणि कुठे संपतो, हे समजून घेतले पाहिजे.

आपल्या आतड्यात, विशेषतः मोठ्या आतड्यात, अब्जावधी जिवाणू राहतात. आपल्याला न पचणारा चोथा हे त्यांचे अन्न. तो आंबवून ते ब्युटिरेटसारखी आम्ले तयार करतात. या आम्लांवर आतड्याच्या अस्तरातील पेशी पोसल्या जातात आणि दाहही आटोक्यात राहतो. शरीराच्या रोगप्रतिकारक पेशींचा फार मोठा हिस्सा याच अस्तरालगत पहारा देत असतो. कुणाला राहू द्यायचे आणि कुणावर तुटून पडायचे, हे त्या पेशी बऱ्याच अंशी या जिवाणूंच्या सहवासात शिकतात.

सगळेच जिवाणू मित्र नसतात. हेलिकोबॅक्टर पायलोरी जठरात ठाण मांडतो आणि वर्षानुवर्षे दाह धुमसत ठेवतो. त्यातून काहींना अल्सर आणि थोड्यांना जठराचा कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1994 मध्ये त्याला कर्ककारक ठरवले. या जिवाणूच्या शोधासाठी बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना 2005 चे नोबेल मिळाले. तरीही हा जिवाणू पोटात असलेल्या बहुतेकांना कर्करोग होत नाही. जिवाणू, प्रतिकारशक्ती, आहार, तंबाखू आणि आनुवंशिकता यांचा मेळ कसा जमतो, त्यावर पुढचे ठरते.

आता उपचारांकडे वळू. कर्कपेशी प्रतिकारक पेशींना जणू ब्रेक लावून थोपवून धरतात. हा ब्रेक सोडवता येतो, हे दाखवणारे जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होंजो यांना 2018 चे नोबेल मिळाले. यातून इम्युनोथेरपीची औषधे आली. पण ती काहींना लागू पडतात, अनेकांना पडत नाहीत. असे का, याचे एक उत्तर आतड्यात सापडले. 2018 मध्ये तीन संशोधक गटांनी दाखवले, की औषध लागू पडलेल्या आणि न पडलेल्या रुग्णांचे जिवाणू वेगवेगळे असतात. लागू पडलेल्यांच्या विष्ठेतील जिवाणू उंदरांच्या पोटात सोडले, तेव्हा उंदरांवरही औषधाचा परिणाम वाढला. पुढे 2021 मध्ये मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या काही रुग्णांवर असाच प्रयोग झाला. औषधाला दाद न देणाऱ्या 10 ते 15 रुग्णांच्या दोन छोट्या गटांत मोजक्यांना त्याचा फायदा झाला.

विज्ञानाचा अंश तो एवढा. यातून ‘जिवाणू कर्करोग बरा करतात’ असे निघत नाही. निघते ते इतकेच, की काही कर्करोगांत, काही औषधांच्या जोडीला, पोटातल्या जिवाणूंची साथ लागते. 2021 च्याच एका अभ्यासात, रोज किमान 20 ग्रॅम चोथा आहारातून घेणाऱ्या मेलानोमा रुग्णांवर इम्युनोथेरपी अधिक परिणामकारक दिसली. दुकानात मिळणाऱ्या प्रोबायोटिक गोळ्यांचा मात्र तसा फायदा दिसला नाही, आणि उंदरांमध्ये तर त्यांनी अडथळाच आणला. म्हणजे विकत घ्यायच्या कॅप्सूलपेक्षा ताटातली भाकरी सरस ठरली. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे 10 ग्रॅम चोथा असतो. त्याला डाळ, हुलगा, चवळी, पालेभाजी यांची जोड दिली की आपले जुने जेवण पुरेसे आहे. शाळू पिकवणाऱ्या जिल्ह्याने तो विकून मैद्याची बिस्किटे आणू नयेत, एवढेच.

दुसरी गोष्ट प्रतिजैविकांची. सर्दी झाली की मेडिकलमधून दोन गोळ्या मागून घेण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे. सर्दी विषाणूंमुळे होते, तिच्यावर त्या गोळ्यांचा उपयोग नाही. आतड्यातले जिवाणू मात्र त्याने मारले जातात. इम्युनोथेरपी सुरू होण्याच्या सुमारास प्रतिजैविके घेतलेल्या रुग्णांत औषधाचा परिणाम कमी दिसल्याचे अनेक अभ्यास सांगतात. पण याचा उलटा अर्थ कुणी काढू नये. केमोथेरपीत ताप आला आणि डॉक्टरांनी प्रतिजैविक दिले, तर ते घेतलेच पाहिजे. तिथे टाळाटाळ जिवावर बेतते.

इम्युनोथेरपी महाग आहे, हे खरे. त्यावर मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने एक वाट शोधली. डोके आणि मानेच्या बळावलेल्या कर्करोगात निवोलुमॅब हे औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, इतर गोळ्यांसोबत देऊन पाहिले. एक वर्षानंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण शंभरात 16 वरून 43 वर गेले. तंबाखूने पोखरलेल्या आपल्या भागासाठी ही मोलाची बातमी आहे.

तरीही धाराशिवने सर्वांत आधी आठवावी अशी गोष्ट आपल्याच घरची आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. बहुतेक स्त्रियांची प्रतिकारशक्ती एक-दोन वर्षांत त्याला हुसकावते. ज्यांच्या शरीरात तो ठाण मांडतो, त्यांच्यातल्या काहींना पुढे कर्करोग होतो. 1999 पासून या जिल्ह्यातील 497 गावांत, 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांचा अभ्यास झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, टाटा स्मारक आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय संस्था यांनी तो केला. एचपीव्हीची फक्त एकदा तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने 34 मृत्यू झाले, तर तेवढ्याच आकाराच्या नेहमीच्या व्यवस्थेवर सोडलेल्या गटात 64. हे निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगाने ते मानले. आज जागतिक आरोग्य संघटना तिशीपासून याच तपासणीची शिफारस करते.

त्या दुसऱ्या गटातल्या स्त्रियांची तपासणी न करणे न्याय्य होते का, हा प्रश्न पुढे विचारला गेला, आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर कागदावर देऊन भागणार नाही. ज्या जिल्ह्याच्या मायबहिणींनी जगाला पुरावा दिला, त्यांच्या लेकीसुनांना तरी ही तपासणी मिळायला हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात 30 ते 49 वयाच्या शंभर स्त्रियांमागे दोघींचीही ही तपासणी झालेली नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या एचपीव्ही लशीला 2022 मध्ये मंजुरी मिळाली आहे. संसर्गाआधी, म्हणजे 9 ते 14 या वयात, ती सर्वाधिक उपयोगी पडते.

म्हणून मागणी साधी आहे. भूम-परंड्यापासून उमरगा-लोहाऱ्यापर्यंत प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात तिशीपुढच्या स्त्रीची तपासणी ठरल्या दिवशी व्हावी, आशाताईंनी तिला घरून बोलावून आणावे आणि दोष आढळलेल्या प्रत्येकीचा उपचारापर्यंत पाठपुरावा व्हावा. पोटातल्या जिवाणूंचे संशोधन पुढे जात राहील, त्यातून उद्या चांगली औषधेही येतील. पण जे औषध आज हाती आहे आणि ज्याचा पुरावा आपल्याच गावांनी दिला आहे, ते वापरायला उद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.