उशिरा जागणारा कॅमेरा

कार्ड उघडावे आणि एकामागून एक चितळांच्या शेपट्या, मागचे पाय, नाहीतर नुसते हललेले गवत निघावे, हा अनुभव या मासिकाच्या वाचकांपैकी कुणाला नवा नाही. त्यावर पहिली प्रतिक्रियाही ठरलेली: "कॅमेरे जुने झालेत, नवे मागवा." नव्या कॅमेऱ्यांना आमची ना नाही. पण ज्या परिक्षेत्रात आहेत तेच कॅमेरे आणखी चार उन्हाळे चालवायचे आहेत, तिथे ही तक्रार करून फोटो सुधारत नाहीत. दोष बहुतेक वेळा यंत्रापेक्षा मांडणीचा असतो, आणि ती मांडणी आपण वाघासाठी शिकलो आहोत.

आपल्याकडे कॅमेरा ट्रॅप रुजला तो व्याघ्रगणनेमुळे. २०१८ च्या देशव्यापी गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले, सुमारे ३ कोटी ४८ लाख फोटो निघाले आणि त्यांत वाघाचे होते ७६,६५१. वाटेच्या दोन्ही बाजूंना, गुडघ्याच्या उंचीवर, समोरासमोर कॅमेरे लावून दोन्ही कुशींचे पट्टे टिपायचे, ही पद्धत वाघाला चोख लागू पडते. वाघ गाडीवाटेने सरळ, एका चालीत जातो. चितळ आणि सांबर ती वाट बहुधा फक्त ओलांडतात, तीही घाईने. त्यामुळे वाघाच्या जागेवरचा संथ कॅमेरा हरणाचा मागचा भागच दाखवणार.

कॅमेऱ्याचा संथपणा सेकंदांत मोजण्यापेक्षा मीटरमध्ये मोजावा. सेन्सरला उष्णतेची हालचाल जाणवल्यापासून फोटो निघेपर्यंत दीड सेकंद जात असेल, तर ताशी चार किलोमीटरच्या संथ चालीनेही चितळ तेवढ्यात दीड मीटरहून पुढे सरकते. आता चौकट किती रुंद आहे ते पाहा. ४० अंशांच्या भिंगातून ३ मीटरवर जेमतेम सव्वादोन मीटर दिसतात, ८ मीटरवर पावणेसहा. सेन्सर अरुंद असला तर जनावर चौकटीच्या मध्यावर आल्यावरच त्याला कळते. म्हणजे जवळच्या वाटेवर चितळाला बाहेर पडायला एक मीटर पुरतो, लांबच्या वाटेवर जवळजवळ तीन लागतात. झाड बदलून कॅमेरा पाच मीटर मागे नेला, तर तोच यंत्रदोष चौकटीच्या आत मावतो. फक्त रात्रीच्या फ्लॅशचा उजेड तिथवर पोचतो का, ते आधी पाहून घ्यावे.

दुसरा उपाय कोनाचा. वाटेला काटकोनात लावलेला कॅमेरा ४५ अंशांत वळवला की चौकटीत येणाऱ्या वाटेची लांबी दीडपटीहून जास्त होते. काही जण उत्साहाने तो थेट वाटेच्या रोखाने लावतात. तसे करू नये. हे सेन्सर आडव्या हालचालीला तरतरीत असतात. समोरून सरळ चालत येणारे जनावर त्यांना उशिरा कळते, आणि कॅमेऱ्याच्या उशिरात सेन्सरचा उशीर मिळतो. तिरपा लावताना तोंड कुठल्या बाजूला हेही महत्त्वाचे. पाणवठ्याकडे निघालेले सांबर थबकत, कान टवकारत, पुन्हा दोन पावले टाकत येते. त्या बाजूला कॅमेऱ्याचे तोंड असेल तर चेहरा आणि शिंगे मिळतात, उलट लावला तर पाठमोरे सांबर मिळते.

खरा फरक मात्र जागेने पडतो. संथ कॅमेऱ्याला चालणारे नव्हे, थांबणारे हरीण हवे. अशा जागा बीटातल्या वनमजुराला आपल्यापेक्षा चांगल्या ठाऊक असतात: सांबराची चिखलातली लोळण, शिंगे घासून साल निघालेले झाड, नाल्यात उतरण्याआधीचा काठ, नैसर्गिक चाटण, वानरे वरून पाला टाकतात ती झाडे. मार्च-एप्रिलमध्ये फुले गळणाऱ्या मोहाखाली चितळ बराच वेळ रेंगाळते, आणि चितळ नरांच्या माजाचे दिवसही उन्हाळ्यातलेच, म्हणजे शिंगे पूर्ण वाढलेली मिळतात. पण त्याच मोहाखाली पहाटे फुले वेचायला गावातल्या बायका येतात. वस्तीजवळच्या मोहावर कॅमेरा लावूच नये असे आमचे स्पष्ट मत आहे. चुकून कुणाचा फोटो आला तर तो पुढे न पाठवता पुसून टाकावा. मीठ टाकून हरणाला थांबवण्याची युक्तीही आम्हाला मान्य नाही. फोटो चांगला येतो, पण नोंद जंगलाची राहत नाही, आपल्या मिठाची होते.

थोडे जुन्या काळाकडे. अमेरिकेत जॉर्ज शिरास यांनी मिशिगनच्या रानात रात्री टिपलेली हरणे जुलै १९०६ च्या 'नॅशनल जिऑग्राफिक'मध्ये छापून आली. त्यांच्या काही फोटोंत वाटेवर ताणलेल्या दोरीला धक्का देऊन हरणाने आपला फोटो स्वतःच काढला होता. दोरी नेमकी कुठे ताणायची हे शिरास यांनाच ठरवावे लागे. सेन्सर आल्यापासून तो निर्णय आपण यंत्रावर सोपवून दिला आहे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. एका वेळी तीन फोटोंची मालिका लावावी. चितळांच्या कळपात पहिल्या मादीमागे दुसरी असतेच, आणि पहिला फोटो चुकला तरी तिसरा भरतो. व्हिडिओ सुरू व्हायला बहुतेक कॅमेरे आणखी वेळ घेतात, तेव्हा संथ कॅमेऱ्यावर तो टाळावा. उतरलेल्या बॅटऱ्यांवर रात्रीचे फोटो आधी बिघडतात. विदर्भातल्या मे महिन्यात भर दुपारी जनावराची कातडी आणि मागची जमीन सारखीच तापली की सेन्सरला ते दिसतच नाही. पाणवठ्यावर त्या वेळेपुरता ठरावीक अंतराने आपोआप फोटो काढण्याचा पर्याय चालू ठेवावा.

हे सगळे सुंदर फोटोंच्या हौसेसाठी नाही. नर की मादी, शिंगे मखमलीत की घासून साफ झालेली, सोबत पाडस आहे की नाही, हे अर्ध्या शेपटीवरून लिहिता येत नाही. कॅमेऱ्यांच्या नोंदींवरून हरणांची घनता काढायची असेल, तर रिकामे निघालेले फोटो थेट आकड्यात खोट आणतात. वाघाच्या अन्नाचा हिशेब असा अर्धवट ठेवून चालणार नाही.

म्हणून एक विनंती. उन्हाळी मांडणीपूर्वी विश्रामगृहाच्या अंगणात चुन्याने मीटर-मीटरवर रेघा मारा, प्रत्येक कॅमेऱ्यासमोरून नेहमीच्या चालीने आडवे चालत जा, आणि सेन्सरने टिपल्यापासून किती रेघा ओलांडल्यावर फोटो निघाला ते पाहून तो आकडा कॅमेऱ्याच्या पाठीवर पक्क्या शाईने लिहून ठेवा. झाड निवडताना तो आकडा वाचा. ज्यांचे कॅमेरे दोन रेघांच्या पलीकडे जातात, त्यांनी ते गाडीवाटेवरून काढून पाणवठ्याकडे न्यावेत.